राजदूत निघत नाही, दूतावास बंद होतो: नियामीत नेमकं काय झालं?

प्रश्न असा आहे: ऑगस्ट २०२३ मध्ये नायजरच्या लष्करी राजवटीने फ्रेंच राजदूताला ४८ तासांत देश सोडायला सांगितलं, तरी तो महिनाभर तिथेच राहिला. हे कसं चालतं? पुढे फ्रान्सने तो दूतावासच बंद केला, म्हणजे दोन देशांचे संबंध तुटले का? आणि अशा वेळी सामान्य माणसांची कामं कोण करतं?

माझी बत्तीस वर्षं भारतीय दूतावासांच्या प्रशासन आणि व्हिसा विभागांत गेली, त्यातली सात पश्चिम आफ्रिकेतल्या फ्रेंच भाषक देशांत. मी राजदूत नव्हतो. राजदूतांच्या सहीसाठी कागद तयार करायचे, तिजोरीच्या किल्ल्या सांभाळायच्या, खिडकीपलीकडे उभ्या असलेल्या माणसाचा अर्ज घ्यायचा, हे माझं काम. तेव्हा पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं कायद्याच्या आधाराने देतो, तिसऱ्याचं स्वतः पाहिलेलं सांगतो. तिसरा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. तुम्ही विचारलात, म्हणून खरं तर लिहायला बसलो.

आधी एक खुलासा. नायजर आणि नायजेरिया हे वेगळे देश आहेत. नायजेरिया ब्रिटिशांकडे होता, तिथे इंग्रजी चालते. त्याच्या उत्तरेला नायजर, बराचसा सहारा वाळवंटात, राजधानी नियामी. तो ३ ऑगस्ट १९६० ला फ्रान्सपासून स्वतंत्र झाला. उत्तरेत आर्लीतच्या परिसरात युरेनियमच्या खाणी आहेत आणि तिथे फ्रेंच कंपनी अनेक दशकं खणत होती. २०२३ मध्ये सुमारे १,५०० फ्रेंच सैनिकही देशात होते. या पार्श्वभूमीवर फ्रेंच दूतावास तिथे इतर वकिलातींसारखी एक वकिलात राहिली नव्हती. लोकांच्या डोळ्यांत ती जुन्या मालकाची कचेरी होती. ३० जुलैला जमाव दूतावासावर चालून गेला तेव्हा त्याने सर्वांत आधी भिंतीवरची नावाची पाटी उखडून पायाखाली घातली आणि तिच्या जागी रशियाचे आणि नायजरचे झेंडे लावले. एका दाराला आग लावली. पाटीवर एवढा राग का, हे त्या भागात राहिलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

घटनाक्रम थोडक्यात असा. २६ जुलै २०२३ ला राष्ट्राध्यक्षांच्या सुरक्षा दलाचे प्रमुख जनरल अब्दुरहमान चियानी यांनी निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष मोहम्मद बाझूम यांनाच डांबून ठेवलं. बाझूम यांनी राजीनाम्यावर सही केली नाही. ऑगस्टच्या सुरुवातीला फ्रान्सने विमानांनी हजारावर लोक बाहेर काढले. २५ ऑगस्टला नायजरच्या परराष्ट्र मंत्रालयाने राजदूत सिल्व्हां इते यांना ४८ तासांची मुदत दिली. मंत्र्यांनी भेटीला बोलावलं तर राजदूत आले नाहीत आणि फ्रान्सची वागणूक देशहिताच्या विरुद्ध आहे, अशी कारणं त्यात होती. पॅरिसने उत्तर दिलं की बंडखोरांना असं सांगण्याचा अधिकारच नाही.

या उत्तरामागचा मुद्दा समजून घ्यायला राजदूत नेमतात कसा, ते पाहावं लागतं. कोणताही देश आपला राजदूत थेट पाठवत नाही. आधी त्या माणसाचं नाव यजमान देशाला गुपचूप कळवतात आणि संमती मागतात. तिला आमच्या भाषेत आग्रेमाँ म्हणतात. ती मिळाली की नाव जाहीर होतं, राजदूत जातो आणि तिथल्या राष्ट्रप्रमुखाच्या हातात आपली अधिकारपत्रं देतो. संमती आणि अधिकारपत्रांचे नियम राजनैतिक संबंधांबद्दलच्या १९६१ च्या व्हिएन्ना करारात आहेत. फ्रान्सचं म्हणणं सरळ होतं: आमच्या राजदूताला संमती बाझूम यांच्या सरकारने दिली, ती काढून घ्यायची तर त्यांनीच काढावी.

आता त्याच कराराचं ९ वं कलम बघा. यजमान देश कोणत्याही राजनैतिक अधिकाऱ्याला केव्हाही, कारण न देता, ‘पर्सोना नॉन ग्राटा’ म्हणजे नकोशी व्यक्ती ठरवू शकतो. मग पाठवणाऱ्या देशाने त्याला परत बोलवायचं. वाजवी मुदतीत बोलावलं नाही, तर यजमान देश त्याला दूतावासाचा सदस्य मानायचं नाकारू शकतो. कलम इथे थांबतं. मानगुटीला धरून विमानात बसवा, असं त्यात कुठेही नाही. शिवाय २२ व्या कलमाप्रमाणे दूतावासाच्या आवारात यजमान देशाचा शिपाईसुद्धा दूतावासप्रमुखाच्या परवानगीशिवाय पाऊल टाकू शकत नाही. म्हणून झालं असं की नायजरने राजदूताचं ओळखपत्र आणि व्हिसा रद्द केला, पोलिसांना त्याला देशाबाहेर काढायचे आदेश दिले, पण पोलीस फाटकाच्या बाहेर आणि राजदूत फाटकाच्या आत. तो बाहेर आला असता तर गोष्ट वेगळी झाली असती. तो आलाच नाही.

‘फ्रान्स बरोबर की नायजर?’ असं कुणी विचारलं तर माझं मत असं: कागदावर फ्रान्सची बाजू लढवता येण्यासारखी होती, पण व्यवहारात ती टिकणारी नव्हती. करारात ‘यजमान देश’ असा शब्द आहे, ‘यजमान सरकार’ असा नाही. देश तोच राहतो, त्याच्या वतीने बोलणारी माणसं बदलतात. बोलायचा हक्क कुणाला, हा वाद कायद्यात वर्षानुवर्षं चालू शकतो. पण विमानतळ, टेलिफोन, पाणी, वीज आणि फाटकावरचा पोलीस ज्याच्या ताब्यात आहे, त्याच्याशी बोलल्याशिवाय दूतावास एक दिवसही चालत नाही. आणि फ्रान्सला हे माहीत होतं. जानेवारी २०२२ च्या अखेरीस मालीच्या लष्करी राजवटीने फ्रेंच राजदूताला ७२ तास दिले, तेव्हा पॅरिसने त्याला निमूट परत बोलावलं होतं. तिथलं सरकारही बंदुकीच्या जोरावरच आलेलं होतं, पण त्याच्याशी व्यवहार करून फ्रान्सला वर्ष-दीड वर्ष झालं होतं, तेव्हा ‘तुम्ही कोण?’ असं म्हणायची सोय उरली नव्हती. नायजरमध्ये बंड होऊन महिनाच झाला होता आणि राजदूत निघाला असता तर बाझूम गेले हे मान्य केल्यासारखं झालं असतं. दोन माणसं एकाच शहरात आपापल्या आवारात अडकून बसली होती आणि दोघांचं बसून राहणं एकमेकांवर टेकलेलं होतं.

हीच गोष्ट पॅरिसमध्ये उलट्या बाजूने घडत होती. नव्या राजवटीने ऑगस्टच्या सुरुवातीलाच फ्रान्समधल्या आपल्या राजदूत आइशातू बुलामा काने यांना पदावरून काढल्याचं जाहीर केलं. त्यांनी सांगितलं की मी राष्ट्राध्यक्ष बाझूम यांची राजदूत आहे आणि राहीन. फ्रान्सलाही त्याच राजदूत म्हणून मान्य होत्या. म्हणजे एका राजधानीत यजमानाला नको असलेला राजदूत, दुसरीत स्वतःच्या देशातल्या सत्ताधाऱ्यांना नको असलेली राजदूत.

एक बारीक गोष्ट आमच्या धंद्यातली. २५ ऑगस्टलाच समाजमाध्यमांवर आणखी पत्रं फिरली. अमेरिका, जर्मनी आणि नायजेरिया यांच्या राजदूतांनाही ४८ तास दिल्याचं त्यांत होतं. ती पत्रं आपण काढलेली नाहीत, असं नायजरच्या मंत्रालयाने अमेरिकेला कळवलं. असा कागद समोर आला की आम्ही आधी मजकूर वाचत नाही. तो नोट वर्बालच्या, म्हणजे दूतावास आणि मंत्रालय यांच्यातल्या औपचारिक पत्राच्या साच्यात आहे का, क्रमांक आहे का, शिक्का कुठे मारलाय, कोणत्या मार्गाने आला, हे बघतो. मग मंत्रालयाच्या प्रोटोकॉल विभागातल्या ओळखीच्या माणसाला फोन. तो माणूस गेल्या ईदला तुमच्याकडे जेवून गेलेला असेल तर पाच मिनिटांत खरं-खोटं कळतं. दूतावास म्हणजे काय, याचं निम्मं उत्तर त्या फोनमध्ये आहे.

सप्टेंबरमध्ये दूतावासाभोवतीचा वेढा आवळला. १५ सप्टेंबरला फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष माक्रों यांनी सांगितलं की आपला राजदूत आणि सहकारी दूतावासात अक्षरशः ओलीस आहेत आणि सैनिकांच्या शिध्यावर दिवस काढताहेत. २४ सप्टेंबरला त्यांनीच राजदूत आणि सैन्य परत येत असल्याचं जाहीर केलं. २७ ला पहाटे राजदूत इते निघाले. डिसेंबरच्या अखेरीस शेवटचे सैनिक गेले आणि २ जानेवारी २०२४ ला फ्रान्सने दूतावास पुढील सूचनेपर्यंत बंद केल्याचं अधिकृतपणे सांगितलं. वेढा, कर्मचाऱ्यांच्या फिरण्यावरची बंधनं आणि नव्या अधिकाऱ्यांना येऊ न देणं, यामुळे काम करणं अशक्य झालंय, असं कारण दिलं. दूतावासाचं काम पॅरिसमधून चालेल, असंही त्यात होतं.

इथे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. नाही, दूतावास बंद करणं म्हणजे संबंध तोडणं नव्हे. राजदूताला सल्लामसलतीसाठी बोलावणं, राजदूत न नेमता प्रभारी अधिकाऱ्यावर काम चालवणं, दूतावास बंद करणं आणि संबंध तोडणं या वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. शेवटची पायरी क्वचितच गाठली जाते. १७ मार्च २०२५ ला रवांडाने ती बेल्जियमच्या बाबतीत गाठली. पूर्व काँगोमधल्या युद्धावरून वाद होता. रवांडाने संबंध तोडले आणि बेल्जियमच्या सगळ्या राजनैतिक अधिकाऱ्यांना ४८ तास दिले. पण त्याच निवेदनात आणखी एक वाक्य होतं, तिकडे माझं लक्ष गेलं: रवांडाच्या राजधानीतल्या, किगालीतल्या बेल्जियन दूतावासाच्या इमारती, मालमत्ता आणि दप्तर यांचं व्हिएन्ना करारानुसार संरक्षण केलं जाईल. हे कराराचं ४५ वं कलम. भांडण कितीही विकोपाला गेलं, अगदी युद्ध पेटलं, तरी दुसऱ्याच्या दप्तराला हात लावायचा नाही. आणि रवांडाने स्वतःच्या ब्रुसेल्समधल्या दूतावासाची नागरिकांची कामं नेदरलँड्समधल्या हेगच्या दूतावासाकडे सोपवल्याचंही सांगितलं. रागाच्या भरातही पासपोर्ट कुठे नूतनीकरण करायचा, याची व्यवस्था केली. अशा निर्णयाला मी मानतो.

संबंध तुटल्यावर एखाद्या तिसऱ्या देशाला आपलं काम बघायला सांगता येतं, ही त्याच कलमातली सोय. करार व्हायच्या आधीही ही पद्धत होती आणि आपल्या घरचं उदाहरण गोव्याचं आहे. १९५५ मध्ये भारत आणि पोर्तुगालचे संबंध तुटले. त्यानंतर पोर्तुगालचं भारतातलं काम ब्राझील बघायचा आणि भारताचं पोर्तुगालकडचं काम इजिप्त. त्या वर्षी महाराष्ट्रातून गेलेले किती तरी सत्याग्रही पोर्तुगीज तुरुंगांत होते. नानासाहेब गोरे आणि मधु लिमये त्यांतलेच. आपल्याच किनाऱ्यावर, आग्वादच्या किल्ल्यात कोंडलेल्या भारतीयांसाठी बोलायला भारताचा माणूस जाऊ शकत नव्हता, एका आफ्रिकी देशाच्या प्रतिनिधीची मदत घ्यावी लागत होती. पोर्तुगालशी संबंध पुन्हा जुळले ते डिसेंबर १९७४ च्या करारानंतर. मधली जवळपास वीस वर्षं अशीच गेली.

आता माणसांचं. १९६३ चा दुसरा व्हिएन्ना करार कॉन्सुलर कामाबद्दल आहे: पासपोर्ट, व्हिसा, जन्ममृत्यूची नोंद, तुरुंगातल्या नागरिकाची भेट. राजनैतिक संबंध तुटले म्हणून कॉन्सुलर संबंध आपोआप तुटत नाहीत, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. कायद्याने हा धागा मुद्दाम वेगळा ठेवला. सरकारं मात्र भांडणात आधी हाच कापतात. ऑगस्ट २०२३ पासून फ्रान्सने नायजर, माली आणि बुर्किना फासोच्या नागरिकांना व्हिसा देणं थांबवलं. सप्टेंबरमध्ये तिकडच्या कलावंतांबरोबरचे कार्यक्रम थांबवायचं पत्रक फ्रेंच सांस्कृतिक संस्थांना गेलं, त्यावर फ्रान्समध्येच मोठी ओरड झाली. पॅरिसमध्ये प्रवेश मिळालेल्या नियामीच्या मुलीने बंड केलं नव्हतं. तिला शिक्षा का? चियानी यांना फ्रेंच व्हिसा नकोच होता. जो हवा म्हणून रांगेत उभा होता, त्याचाच अर्ज परत आला. हे मला त्या वेळीही चुकीचं वाटलं, आजही वाटतं.

त्याहून वाईट २०२३ च्याच एप्रिलमध्ये सुदानच्या राजधानीत, खार्टूममध्ये झालं. सुदानी सैन्य आणि निमलष्करी दल यांच्यात युद्ध पेटलं, युरोपीय दूतावासांचे लोक घाईने निघाले आणि व्हिसासाठी दिलेले सुदानी माणसांचे पासपोर्ट कुलूपबंद इमारतींत राहून गेले. बाहेर गोळीबार, सीमेवर पासपोर्ट मागतात आणि तुमचा पासपोर्ट अशा खोलीत, जिच्यात कराराप्रमाणे कुणालाच शिरता येत नाही. त्या लोकांवर काय वेळ आली असेल, याची मला कल्पना आहे, कारण थोड्या लहान प्रमाणात मी हे पाहिलंय.

पश्चिम आफ्रिकेतल्या एका राजधानीत माझी नेमणूक होती. देशाचं नाव सांगत नाही. दोन दिवस शहरात गोळीबार चालू होता, तिसऱ्या दिवशी आम्हाला कर्मचारी कमी करायचा आदेश आला. अशा वेळी कामाचा क्रम ठरलेला असतो. गोपनीय कागद आधी. मागच्या अंगणात लोखंडी पिंप, त्यात कागद थोडे थोडे टाकायचे, गठ्ठा टाकला तर मधला भाग जळत नाही, म्हणून काठीने हलवत राहायचं. कोरे व्हिसा स्टिकर एकेक मोजून, क्रमांक वहीत लिहून, दोघांच्या सह्यांनी नष्ट करायचे. साहेब पिंपाजवळ आले आणि म्हणाले, ‘‘त्या तिजोरीतले पासपोर्ट किती?’’ मी म्हटलं, ‘‘त्रेसष्ट.’’ ते म्हणाले, ‘‘ते आधी परत करा. मग जाळा काय जाळायचं ते.’’

आमच्या खिडकीवर एक स्थानिक कारकून होता, अठरा वर्षं त्याच जागेवर. तो रात्रभर फोन करत बसला. ज्यांचे फोन लागत नव्हते त्यांच्या गल्लीतल्या कुणाचा, मशिदीच्या इमामाचा, कोपऱ्यावरच्या दुकानदाराचा नंबर त्याने कुठून कुठून काढला. सकाळी सहाला फाटक थोडं उघडलं. टॅक्सी बंद होत्या, माणसं चालत आली. एक बाई नऊ किलोमीटर चालत आली होती, पाठीला मूल बांधून. त्याच मुलाला हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी भारतात न्यायचं होतं. व्हिसा मंजूर होता, स्टिकर लावायचा बाकी होता. मी नष्ट करायच्या ढिगातून एक स्टिकर काढला, लावला, साहेबांनी उभ्या उभ्या सही केली. वहीत आदल्या रात्रीचा आकडा खोडून नवा लिहिला आणि बाजूला आम्ही दोघांनी सह्या केल्या.

त्या कारकुनाचंही सांगायला हवं, कारण बातम्यांत ही माणसं कधीच नसतात. राजदूताला राजनैतिक संरक्षण असतं, मला माझ्या दर्जाप्रमाणे होतं. स्थानिक कर्मचाऱ्याला जवळजवळ काहीच नसतं. आम्ही विमानाने जातो, तो तिथेच राहतो आणि शेजारीपाजारी त्याला ‘परक्यांचा माणूस’ म्हणून ओळखतात. दूतावास बंद झाला की त्याची नोकरीही जाते. शेजारच्या एका युरोपीय दूतावासाने त्या वेळी दार लावलं ते पासपोर्ट आत ठेवूनच. त्यांच्याकडे अर्ज केलेला एक तरुण मी परत कामावर रुजू झाल्यावर तीन महिने आमच्या फाटकाशी येत होता. आमच्या हातात काही नाही, हे त्याला ठाऊक होतं. पण दार उघडं असलेला दूतावास त्याच्या रस्त्यावर आमचाच होता.

तुम्ही किंवा तुमचं कुणी अशा देशात कामाला असेल तर तीन गोष्टी करा. पोचल्या पोचल्या भारतीय दूतावासात नाव नोंदवा. ऑगस्ट २०२३ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने नायजरमधल्या भारतीयांना देश सोडायचा सल्ला दिला, तेव्हा ज्यांची नोंद नव्हती त्यांना ती लवकर करायलाही सांगितलं. पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची प्रत फोनमध्ये, कागदावर आणि घरी अशी तीन ठिकाणी ठेवा. आणि शहरात हालचाल दिसू लागली की दुसऱ्या कुठल्या दूतावासात व्हिसासाठी दिलेला पासपोर्ट ताबडतोब परत मागा. अर्ज रद्द झाला तरी चालेल. मागितला की सहसा देतात, पण मागायला तिथे माणूस असायला हवा.

आमच्या त्रेसष्टपैकी अठ्ठावन्न पासपोर्ट त्या सकाळी गेले. उरलेले पाच पाकिटात घालून, वर लाख लावून, यादीसकट शहरात थांबणाऱ्या एका मित्रदेशाच्या दूतावासाकडे पोच घेऊन दिले. कारकुनाने त्यांचा पत्ता मोठ्या अक्षरांत लिहून आमच्या फाटकावर चिकटवला. काही महिन्यांनी त्यांचं पत्र आलं: चार जणांनी पासपोर्ट नेले. पाचव्यासाठी कुणी आलं नाही. तो एका कापडविक्याचा होता, मुंबईला माल घ्यायला येणार होता.